शनिवारचं तेल

गळक्या गाडीचा मालक सकाळी उठून आधी देवाला हात जोडत नाही, गाडीखाली वाकून बघतो. त्या शुक्रवारी साताऱ्यातून निघताना मीही बघितलं. इंजिनाच्या पुढच्या अंगाला, पुलीच्या मागं, काळसर ओल धरली होती. फौजेच्या वर्कशॉपात आम्ही गळतीच्या तीन पायऱ्या मानायचो: घाम, थेंब आणि धार. घाम पुसायचा, थेंबावर नजर ठेवायची आणि धार लागली की गाडी जागच्या जागी उभी करायची. हा घाम होता. मी तो चिंधीनं पुसला आणि बायकोला म्हणालो, "सरू, बस."

"आवं, पुसताय काय नुसतं? शेंबड्या पोराचं नाक पुसल्यागत," ती म्हणाली, पण पुढच्या सीटवर बसली. तिची ती जागा ठरलेली.

मी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. उमेदीची सगळी वर्षं गाड्या उघडण्यात आणि मिटण्यात गेली. ही गाडी महायुद्धाच्या आधीची विलायती मोटार. कंपनीचं नाव लिहीत नाही, म्हातारपणी कुणाच्या अब्रूला कशाला हात घाला! एका वकिलाच्या गोठ्यात ती पडून होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. मी ती उचलून आणली, खिळा न् खिळा सोडवला आणि रस्त्यावर उभी केली. सरू पहिल्यांदा तिला सवत म्हणायची. पुढं बसायची गोडी लागल्यावर ‘धाकली’ म्हणायला लागली.

आता या धाकलीला आम्ही कवठे महांकाळला न्यायला निघालो होतो, आणि परत आणायची नव्हती. तिथं माझा दोस्त गणपा राहतो. पलटणीत तो लॉऱ्या चालवायचा, मी त्या दुरुस्त करायचो. एका ताटात जेवलेली माणसं आम्ही. त्या कोरड्या मुलखात गड्यानं द्राक्षाचा मळा लावलाय, त्याच्या वस्तीवर पहिलाच. विहिरीला तळाशी पाणी आहे, पण पाणी ओढणारं इंजिन कायमचं बसलं. नव्यासाठी नंबर लावला तर कधी मिळेल याचा भरवसा नाही. त्यानं एसटीच्या कंडक्टरकडून निरोप धाडला होता: "हवालदार, वेलींनी माना टाकल्यात. भंगारात कुठं चालतं इंजन दिसलं तर बगा." उभ्या जन्मात या माणसानं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मी उलट निरोप धाडला, "आहे. घेऊन येतो." तोंडातून शब्द गेला आणि मग घरात येऊन सरूला सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही.

सगळे म्हणाले, ट्रकात घालून न्या. मी म्हणालो, साफ नाही. ट्रकातून नेलेलं इंजिन म्हणजे झाकली मूठ. रस्त्यात ते कसं बोलतं, किती तापतं, किती पितं, हे कळल्याशिवाय मी ते दोस्ताच्या विहिरीवर बसवणार नाही. मेलेलं इंजिन त्याला एक मिळालंच होतं, दुसरं न्यायचं नव्हतं. आणि खरं सांगू? तिला तिच्या पायांनी न्यायची होती.

गळतीचं मूळ मला ठाऊक होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर एका दुकानदारानं मला नव्या पद्धतीचं इंजिन ऑईल दिलं. बारमाही तेल, थंडीतही पातळ आणि उन्हातही टिकाऊ, आतली काजळी साबणागत धुऊन काढणारं. नव्या इंजिनाला ते अमृत. पण जुन्या इंजिनाच्या सांध्यांत वर्षानुवर्षं बसलेली काजळी हेच त्याचं लिंपण असतं. लिंपण धुतलं आणि भिंतीला भोकं पडली, आता बोला! मी ते तेल काढून टाकलं आणि साधं जुनं जाड तेल भरलं, चाळीस नंबरचं. वाटेत लागेल म्हणून त्याचाच एक डबा मागं ठेवला. पण एकदा सुटलेला सांधा तेल बदलून परत धरत नाही.

कोरेगाव मागं पडलं, रहिमतपूर आलं. उसाचा हिरवा पट्टा हळूहळू विरळ होत गेला आणि दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली उघडी रानं दिसू लागली. गाडी मी सावकाश चालवत होतो. मागून एक बैलगाडीवाला ओरडला, "पावनं, आमाला म्होरं जाऊ द्या की!" सरू खदाखदा हसली. मी हसलो नाही, कारण माझा कान इंजिनाकडं होता.

औंधला पोचेपर्यंत घामाचा थेंब झाला होता. यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी गाडी उभी केली. सरूला शुक्रवारचं देवीचं दर्शन घ्यायचं होतं, ती ओटीचं सामान घेऊन वर गेली. मी खालीच राहिलो आणि बॉनेट उघडलं. गळतंय तिथं बघायच्या आधी का गळतंय ते बघावं. इंजिनाला श्वास सोडायला एक नळी असते. ती तुंबली की आतली वाफ कोंडते आणि वाट मिळेल तिथून तेल बाहेर ढकलते. मी नळीत तार घातली तर तार अडकली. नळी सोडवून दगडावर ठोकली, तर आतून मातीचं बोटभर घर बाहेर पडलं. कुंभारमाशीचं घर! (ओल्या मातीची घरटी करणारी गांधीलमाशीची जात.) गाडी महिनाभर उभी होती तेवढ्यात बयेनं संसार थाटला होता.

सरू खाली आली, अंगारा माझ्या कपाळाला लावला आणि उरलेला इंजिनाला. "काय सापडलं?" तिनं विचारलं. मी मातीचं ढेकूळ दाखवलं. "बगा, देवीनं दाखवलं," ती म्हणाली. देवी वर आणि तार माझ्या हातात, पण मी वाद घातला नाही.

मुक्काम सरूच्या मावशीकडं केला. मावशीनं तव्यावरचं कोरडं पिठलं, भाकरी आणि कच्चा कांदा वाढला. जेवताना तिनं विचारलं, "ही एवढी चांगली गाडी मोडायची? आन् ती बी हिरीवर?" सरूनं भाकरी कुस्करली आणि ताटातच बघत राहिली. मी पाणी प्यायलो.

सकाळी खाली बघितलं तर थेंब पुष्कळ कमी झाला होता. मला हुरूप आला. पुसेसावळीवरून विट्याच्या दिशेनं निघालो. हा सगळा चढउताराचा, लिंबा-बाभळीचा मुलूख. मेंढरांचे कळप रस्ता अडवून जात होते. ऊन असं की बॉनेटवरची हवा थरथरताना दिसत होती. विट्यात शिरलो तेव्हा तेल मोजायचा पट्टी-दांडा काढून बघितला आणि माझा हुरूप जिरला. तेल बरंच खाली गेलं होतं. डबा उघडून ओतला, तो संपला. पंपावर गेलो. त्या वर्षी पेट्रोल आणि तेल दोन्हींची टंचाई, पंपावरचा माणूस म्हणाला, "चाळीस नंबर न्हाई. नवं हाय, त्ये घ्या."

"ते नको."

"मग कशाला तोंड दुखवताय?" तो म्हणाला आणि आत गेला.

समोरच्या हॉटेलात आम्ही भजी आणि चहा घेतला. तिथं एक झब्बेवाला गृहस्थ गाडीभोवती प्रदक्षिणा घालत होता. कलकत्त्याला त्याचं गलाईचं दुकान (सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा, विट्याची निम्मी माणसं त्यासाठी देशभर पांगलेली) आणि गावच्या जत्रेला तो घरी आलेला.

"क्या चीज है! हवालदारसाहेब, ही मला द्या. जत्रंत मिरवतो आन् मग कलकत्त्याला न्हेतो. राणीगत ठेवतो तिला."

"शब्द दिलाय दुसऱ्याला."

"कशाला पायजे त्येला?"

"विहिरीवर इंजिन बसवायला."

त्यानं कपाळावर हात मारला. "आरं देवा! ही मोडून पाणी उपसनार? पाप लागंल पाप. वयनी, तुमी तरी सांगा की यांना."

सरूच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं. मी उठलो. गलाईवाला मनानं दिलदार. मला तेल मिळत नाही हे कळल्यावर त्यानं आपल्या घरातून नव्या तेलाचा डबा आणवला. मी हात जोडले, म्हणालो, माझ्या इंजिनाला हे चालत नाही. "जिद्दी हाईसा," तो म्हणाला, आणि आम्ही निघालो.

येरळेच्या कोरड्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती. तासगावच्या पुढं द्राक्षांचे मांडव दिसू लागले. लोखंडी तारांवर चढवलेल्या वेली, खाली गार सावली. मी गाडी थांबवून एका मांडवाखाली जाऊन उभा राहिलो. गणपाच्या मळ्यात असंच व्हायला हवं होतं, बास. परत आलो तेव्हा थांबलेल्या गाडीखालच्या धुळीत नाण्याएवढा डाग होता. तो बघता बघता पुरीएवढा झाला.

मणेराजुरी अजून पुढं होती. आणखी थोडं रेटलं आणि एका टेकाडाच्या माथ्यावर मला तो वास आला. जळक्या तेलाचा वास ज्यानं एकदा घेतला तो झोपेतही ओळखेल. इंजिन बंद केलं, खाली उतरलो. धार लागली होती. पट्टी-दांडा काढला, तो कोरडा ठणठणीत. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

"आता एक पाऊलही चालवायची नाही," मी म्हणालो. "चालवली तर आतले बेअरिंग जळतील आणि गणपाला भंगार मिळेल."

सरू उठली, डिकी उघडली, पोत्याखालून डबा काढून माझ्यापुढं धरला. गलाईवाल्याचा तो नवा डबा.

"हे कुठून आलं?"

"त्येंनी दिला, मी घेतला. घाला की आता."

माझं डोकं फिरलं. "तुला सांगितलं ना, हे पातळ आहे म्हणून? इथं पाण्यागत वाहून जाईल. आणि राहिलंसाहिलं लिंपणही धुऊन नेईल. चाळीस नंबर म्हणजे चाळीस नंबर!"

"मग बसा हितंच नंबर घोकत!" ती कडाडली. "तुमाला तेलाचं पडलंय, दोस्ताचं पडलंय. माझं काय? मला ही गाडी मोडाय न्ह्यायचीच न्हाई. जलमात कुनी मला म्होरं बसवलं न्हवतं. घरात न्हाई, दारात न्हाई, एसटीत न्हाई. हिच्यात बसले. आन् तुमी इचारलं तरी का मला?"

विचारलं नव्हतं. रस्त्याच्या मधोमध ती पदर तोंडाला लावून रडत होती आणि मी डबा हातात घेऊन उभा. "चूक झाली," एवढंच म्हणालो. "मला पण वाईट वाटतंय, सरू. लय वाटतंय." तिनं नाक पुसलं आणि टेकाडाखाली बोट केलं. "ती गिरन हाय न्हवं? टुक टुक ऐकू येतंय."

खरंच, खाली वस्तीवर पिठाची गिरणी चालू होती. गिरणीचं इंजिन म्हणजे जाड तेल पिणारं जनावर, चाळीस नंबर तिथं हमखास असणार! इंजिन बंदच ठेवून गाडी उतारावर सोडली आणि नुसत्या ब्रेकवर गिरणीच्या दारात नेऊन उभी केली.

गिरणी चालवत होती एक बाई, मायव्वा. धनगराची, केस पिठानं पांढरे की वयानं ते कळत नव्हतं. सासरा मेंढरं राखायचा. नवऱ्यानं मेंढरं विकून गिरणी घातली आणि तो गेल्यावर ती बाईनं पुढं चालवली. दळणाच्या पाट्या घेऊन चार बायका बसल्या होत्या. आम्हाला ओसरीवर बसवून तिनं वाडग्यात माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) दिलं. पोटात गेलं तेव्हा कळलं की भुकेनं जीव चालला होता.

"चाळीस नंबरचं ऑईल आहे का?" मी विचारलं.

"हाय की. भरलेला डबा हाय. पन आज शनवार."

"मग?"

"मग काय? शनवारी तेल इकत घ्याचं नसतंय. घेनाऱ्याच्या मागं साडेसाती लागती. आन् माझ्या दारातनं लागली म्हंजी गिरनीला नाव."

"अहो, हे इंजिनचं ऑईल. फोडणीचं तेल नव्हे."

"तेल त्ये तेल. उद्या सकाळी घ्या, न्हाई कोन म्हंतंय?"

मी तिला समजावलं, गयावया करायचं सोडून सगळं केलं. दोस्ताच्या वेली एकेक दिवसानं वाळत होत्या, इंजिन सोडवून विहिरीवर बसवायला अख्खा रविवार जाणार होता. बाई ढिम्म. मी आवाज चढवला, तर तिनं गिरणीचा पट्टा चढवला आणि इंजिनाच्या आवाजात माझा आवाज बुडाला. दळण संपल्यावर सरू पुढं झाली.

"मावशी, शनवारी तेल इकत घ्याचं न्हाई, बरोबर. पन दान द्याचं का न्हाई?"

"द्याचं की. शनिम्हाराजाचं तेल मागाय येत्यात, त्यास्नी वाढतोय न्हवं आमी?"

"मग वाढा की."

मायव्वानं सरूकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटलं. "वाढते. पन मागनाऱ्यानं दारात हुबं ऱ्हाऊन मागाय पायजे. तशी रीत हाय."

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मंडळी, मी हवालदार माणूस. उभ्या पलटणीला शिस्त लावलेला. कुणाच्या दारात कधी हात पसरला नाही, त्याची मला घमेंडही होती. पण डोळ्यांपुढं गणपाच्या माना टाकलेल्या वेली आल्या. मी ओसरीवरून उतरलो, दारासमोर उभा राहिलो, आणि पुटपुटलो, "शनिवारचं तेल वाढा, माय."

"ऐकू न्हाई आलं," मायव्वा म्हणाली.

मग मात्र मी परेडचा आवाज काढला. "शनिवारचं तेल वाढा, माय!" खुंट्याला बांधलेली म्हैस दावं ओढून उभी राहिली. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. सरूसुद्धा! मघाशी रडणारी सरू आता पोट धरून हसत होती.

मायव्वा मात्र हसली नाही. आत गेली, डबा आणला, झाकण काढलं आणि रीतीप्रमाणं तेलात आपलं तोंड बघितलं. शनीला तेल वाहताना असं बघतात, आपली पीडा तेलाबरोबर जाते म्हणे. "लय म्हातारी झाले गं बाई," ती स्वतःशी म्हणाली आणि डबा माझ्या हातात दिला. मी खिशात हात घातला, तर तिनं डोळे वटारले. "दानाचं पैसं घेतलं तर दान कसलं?"

पण नुसतं तेल ओतून भागणार नव्हतं, ते पुन्हा गळालं असतं. गिरणीच्या सावलीत मी रेडिएटर सोडवला, पुली काढली, पुढचं झाकण उघडलं. तिथं लोकर दाबून केलेलं एक कडं असतं. ते पुलीच्या फिरत्या दांड्याभोवती घट्ट बसतं, तेल पितं आणि पिऊन तेलाला अडवतं. माझं कडं करपून कोळसा झालं होतं, हात लावताच भुगा झाला. आता दाबलेली लोकर आणायची कुठून? हताश होऊन ओसरीवर टेकलो आणि हात खाली गेला. मी बसलो होतो जेनावर! जेन म्हणजे धनगरांकडची बसायची जाड सतरंजी, विणलेली नव्हे, लोकर दाबून दाबून केलेली. फौजेत ज्याला आम्ही नमदा म्हणायचो तीच चीज.

"मावशी, या जेनाचा हातभर तुकडा..."

"आता जेनबी पायजे व्हय?" मायव्वा उसळली. "मागाय आलाय का दरवडा घालाय? माझ्या सासऱ्याचं हाय त्ये."

मी तिला उघडं इंजिन दाखवलं, भुगा दाखवला, विहीर सांगितली. ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती. "म्हंजी ही लोकर गाडीत न्हाई ऱ्हायाची, हिरीवर जायाची?"

"विहिरीवरच."

"द्राक्षाला पाणी द्याला?"

"होय."

तिनं जेन उचकटलं, उंदरांनी कुरतडलेला कोपरा शोधला आणि आतून मेंढरांची लोकर कातरायची कातर आणली. मी कोळशानं वर्तुळ आखलं, तिनं कापलं. कडं तेलात बुडवून ऊन केलं, मुरवलं, बोटांनी दाबून दाबून बसवलं. झाकणाचं फाटलेलं पॅकिंग गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यातून कापलं. दुपार उलटेपर्यंत सगळं जाग्यावर. हँडल मारलं, धाकली पहिल्याच फटक्याला बोलली. मी खाली आडवा झालो आणि बघत राहिलो. थेंब नाही, घामसुद्धा नाही. कोरडं!

"बसा," मी सरूला म्हणालो, आणि कधी नव्हे ते दार मी उघडलं.

कवठे महांकाळच्या अलीकडं गणपाची वस्ती. दिवस मावळायला आला होता. धुरळ्यातून आवाज ओळखून गणपा पळत आला, बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहिला. लॉऱ्या चालवणारा माणूस तो, इंजिन ठणठणीत आहे हे त्याला सांगायला लागलं नाही. मग त्यानं सरूला गाडीतून उतरताना बघितलं आणि त्याचा चेहराच बदलला.

"हवालदार, ही? ही मोडायची? न्हाई. तुमी ‘हाय’ म्हनला तवा मला वाटलं, भंगारातलं आसंल कायतरी... ही न्हाई. घिऊन जावा माघारी."

"वेली दाखव," मी म्हणालो.

मळ्यात गेलो. गणपाची कारभारीण घागरी डोक्यावर आणून एकेका बुंध्याला पाणी घालत होती. वेली जिवंत होत्या, पण पानं भाजलेल्या पापडागत आत वळलेली. गणपाच्या बायकोच्या हातांना फोड आले होते. मला पुढं बघवलं नाही. सरू माझ्या मागंच होती. ती एक पान बोटांत धरून उभी राहिली, मग गाडीकडं गेली.

आम्ही गाडीपाशी पोचलो तेव्हा तिनं बॉनेटला हळदकुंकू लावलं होतं, नारळ फोडला होता. डिकीतून तिनं माझी पान्ह्यांची पिशवी काढली, मोठा पान्हा काढला आणि माझ्या हातात दिला.

"घ्या," ती म्हणाली. "मी म्हनते म्हनून घ्या. तुमच्या शब्दासाठी न्हाई."

रविवारी उजाडल्यापासून आम्ही दोघं दोस्त कामाला लागलो. इंजिन विहिरीच्या काठावर दगडी कट्ट्यावर चढवलं, पट्टा पंपाला जोडला, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायची सोय केली. दुपारी हँडल मारलं. नळ खोकला, गाळ थुंकला, पुन्हा खोकला, आणि मग मनगटाएवढी पांढरी धार पाटात पडली. गणपा पाटात उतरून अनवाणी पाण्यापुढं चालत गेला, पहिल्या वेलीपर्यंत, दुसऱ्या वेलीपर्यंत, वाटेत आलेली ढेकळं पायानं सारत. मी इंजिनाखाली कागद अंथरला होता. कागद कोरडा राहिला.

एसटीनं परत आलो. गाडी दिली म्हणून वाईट वाटलं का? वाटलं. घरी आल्यावर कित्येक सकाळी मी रिकाम्या छपरात जाऊन खाली वाकून बघायचो, सवयच ती. सरू म्हणायची, "काय गळतंय?" मी म्हणायचो, "काही नाही."

मग पुढच्या शिमग्याच्या सुमाराला गणपाचा निरोप आला: "इंजनाला धार लागलीया. निगून या." मी चिडलो. जेनाचं कडं इतक्यात कसं गेलं? नक्की कुणीतरी आग्रहानं नवं तेल घातलं असणार! पान्हे घेतले, साध्या तेलाचा डबा घेतला, सरूला घेतलं आणि पहिल्या एसटीनं निघालो. वाटभर गणपाला शिव्या देत होतो. वस्तीवर उतरलो तो थेट विहिरीकडं गेलो, इंजिनाखाली हात घातला. कोरडं! हात फिरवला, पुन्हा फिरवला. अगदी कोरडं.

"गणपा!" मी ओरडलो.

तो मांडवाखालून आला, हातात द्राक्षांची टोपली. "न्हाईतर तुमी आला असता व्हय? नुसतं या म्हनलं असतं तर, बगू, सवडीनं, असंच केलं असतं."

मी पान्ह्यांची पिशवी खाली ठेवली. मांडवाखाली खरंच घड लोंबत होते, लहान लहान, विरळ, पण घड. सरू त्यांच्याखालून वर बघत हिंडत होती, एकेकाला हात लावत.

परतीच्या एसटीत मी तिला खिडकीजवळ बसवलं. टोपली तिच्या मांडीवर होती. तासगाव गेलं तेव्हा तिनं एक द्राक्ष तोंडात टाकलं आणि डोळे मिटले.

"आवं, लय आंबट हाईत."

"पहिल्या वर्षाची आहेत," मी म्हणालो, आणि आम्ही दोघांनी मिळून सातारा येईपर्यंत अर्धी टोपली संपवली.